नाही म्हणणाऱ्याचे देणे

शेताच्या धुऱ्यावरून दोन शेजाऱ्यांत झालेली बोलाचाली, ग्रामसभेत ठरावाला झालेला विरोध, दोन पंडितांमधला शास्त्रार्थ आणि खडी गंमत या लोकनाट्याच्या फडात रात्रभर रंगणारे सवाल-जवाब, या चारही ठिकाणी माणसे एकमेकांना शब्दांनीच अडवत असतात. तरीही या चौघांना एकाच पंक्तीला बसवणे कुणाला पटणार नाही. इंग्रजी शिकलेला माणूस त्यांना आर्ग्युमेंट, डिबेट, डिस्प्यूट, क्वॉरल अशी निरनिराळी नावे देतो आणि ती देताना त्याचे लक्ष बहुधा आवाज किती चढला, राग किती होता आणि सभा किती रीतसर होती याकडे असते. भारतीय तर्कपरंपरेने हीच वर्गवारी फार पूर्वी निराळ्या निकषावर केली: बोलणाऱ्याला शेवटी काय हवे आहे आणि ते मिळवण्यासाठी कोणती साधने वापरायला तो तयार आहे, हे तिने आधी विचारले. नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, चिमूर हे चंद्रपूर जिल्ह्याचे तालुके आणि वैनगंगेपलीकडचा गडचिरोली जिल्हा या मुलखात गेल्या चार दशकांत जंगल, दारू, वाघ आणि जिल्ह्याचे ठिकाण यांवरून जे बोलणे झाले, ते या निकषावर घासून पाहिले असता त्या जुन्या वर्गवारीचे बळ दिसते आणि तिने अर्धवट सोडलेला एक प्रश्नही समोर येतो.

अक्षपाद गौतमाच्या नावावर असलेल्या न्यायसूत्रांत ज्या सोळा पदार्थांची, म्हणजे अभ्यासविषयांची, यादी आहे, तीत वाद, जल्प आणि वितंडा ही तीन नावे लागोपाठ येतात. वाद म्हणजे दोघांनी परस्परविरुद्ध पक्ष घेऊन, प्रमाणे आणि तर्क यांच्या आधारे, सत्य काय ते ठरवण्यासाठी केलेले बोलणे. त्यात प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन अशा पाच अवयवांनी म्हणणे मांडायचे असते. घोडाझरी तळ्याकाठच्या डोंगरावर वणवा लागला आहे ही प्रतिज्ञा, तिथे धूर दिसतो हा हेतू, जिथे धूर तिथे विस्तव असतो, जसा चुलीत, हे उदाहरण, डोंगरावरचा धूरही तसाच आहे हा उपनय आणि म्हणून तिथे वणवा आहे हे निगमन. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळण्याची चाल असलेल्या या भागात चैत्रात हे अनुमान बरोबर ठरण्याचा संभव बराच आहे. पण समोरच्याने तो धूर नसून तळ्यावरचे धुके आहे असे दाखवून दिले, तर पहिल्याने आपला पक्ष सोडावा, अशी वादाची अट आहे. पक्ष सोडण्याची ही तयारी हाच वादाचा प्राण होय, आणि म्हणून गुरू-शिष्य, सहाध्यायी, किंवा ज्यांना एकमेकांचा मत्सर नाही अशा माणसांतच तो शोभतो असे नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे पंडित, मानत आले.

जल्पात सारी रचना तीच असते, फक्त हेतू जिंकण्याचा असतो. तिथे छल, जाती आणि निग्रहस्थाने ही हत्यारे चालतात. छल म्हणजे समोरच्याच्या शब्दाला त्याच्या मनात नसलेला अर्थ चिकटवून त्याला खोटे पाडणे. त्याचे ठरलेले उदाहरण ‘नवकंबल’ या शब्दाचे आहे, ज्यात नवी कांबळ पांघरलेल्या माणसाला नऊ कांबळी कुठे आहेत असे विचारले जाते. जाती म्हणजे वरवरच्या साम्यावर किंवा भेदावर उभी केलेली फसवी हरकत, जिचे चोवीस प्रकार सांगितले आहेत. आणि निग्रहस्थान म्हणजे जिथे पोचल्यावर वादी हरला असे जाहीर होते ती जागा, अशा जागा बावीस. वितंडा ही तिसरी. तीत बोलणारा स्वतःचा पक्षच मांडत नाही, समोरच्याचा तेवढा खोडत जातो. मराठीत ‘वितंडवाद’ या शब्दाला जी वाईट चव आहे ती इथूनच आली. मात्र बोलीत तो कोणत्याही हटवादी, लांबलेल्या बोलण्याला लावला जातो, शास्त्रात त्याचा अर्थ याहून काटेकोर आहे.

सूत्रकाराने मात्र जल्प आणि वितंडा यांना सरसकट हाकलून दिलेले नाही, हे सहसा विसरले जाते. कोवळ्या रोपांच्या रक्षणासाठी काट्यांचे कुंपण घालतात, त्याप्रमाणे ठरलेल्या तत्त्वाच्या रक्षणासाठी या दोहोंचा उपयोग करावा, असे तो चौथ्या अध्यायात सांगतो. बांधीतले धानाचे पऱ्हे रानडुकरांपासून वाचवण्यासाठी धुऱ्यावर बोरी-बाभळीच्या काट्या रोवणाऱ्या कास्तकाराला हा दृष्टान्त समजावून सांगावा लागणार नाही. पण दृष्टान्तातच त्याची मर्यादाही आहे: कुंपण पिकासाठी असते, आणि ज्या शेतात काहीच पेरलेले नाही त्याभोवतीच्या कुंपणाला राखण म्हणता येत नाही.

वैद्यकाच्या शास्त्राने हाच भेद दोनच नावांत बसवला. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात वैद्यांनी आपसांत करायच्या चर्चेचे संधाय संभाषा आणि विगृह्य संभाषा असे दोन प्रकार आहेत. पहिली सलोख्याची, जिच्यात हरण्याची भीती बाळगायची नाही आणि जिंकल्याचा गर्व करायचा नाही, आणि दुसरी झुंजीची. झुंजीच्या चर्चेला उतरण्यापूर्वी प्रतिपक्षी आपल्याहून वरचढ आहे की कमी, जमलेली सभा जाणकार आहे की अडाणी, अनुकूल आहे की रुष्ट, हे पारखून घ्यावे असे ग्रंथ सांगतो, आणि ज्याचे वाचन तोकडे आहे त्याला लांबलचक सूत्रपाठ ऐकवून गारद करावे असा बिलंदर सल्लाही देतो. आजच्या सरकारी बैठकीत शंभर पानांचा इंग्रजी अहवाल टेबलावर ठेवून ज्या युक्तीने गावकऱ्यांची बोलती बंद केली जाते, तिचे मूळ इतके जुने आहे हे पाहून मौज वाटते.

या भागातील सार्वजनिक वादंगांपैकी बहुतेक जल्पाच्या जातीचे आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातील दारूबंदीचे उदाहरण घ्यावे. २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळावर पायी गेलेल्या स्त्रियांच्या मोर्चाने ज्या मागणीला धार आणली, ती १ एप्रिल २०१५ रोजी मान्य होऊन बंदी लागू झाली, आणि २७ मे २०२१ रोजी राज्य मंत्रिमंडळाने ती उठवण्याचा निर्णय घेतला. नदीपलीकडे गडचिरोलीत मात्र १९९३ पासूनची बंदी कायम राहिली. या सहा वर्षांत एका बाजूने घरातली मारहाण आणि उधळपट्टी कमी झाल्याचे सांगितले, दुसऱ्या बाजूने चोरटी विक्री, बनावट दारू आणि बुडालेला महसूल यांचा पाढा वाचला, आणि दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते. तथापि कोणता पुरावा समोर आला तर आपण आपले मत बदलू, हे कोणत्याही बाजूने आधी जाहीर केले नाही. आणि ज्या बोलण्यात ते सांगितले जात नाही त्याला, कितीही आकडे त्यात असले तरी, वाद म्हणता येत नाही.

चिमूर की ब्रह्मपुरी, हा नव्या जिल्ह्याचा झगडाही त्याच जातीचा. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा झाल्यानंतर उरलेल्या चंद्रपूरचे आणखी विभाजन करावे ही मागणी जुनी आहे. चिमूरकर १९४२ च्या क्रांतीचा वारसा पुढे करतात, ब्रह्मपुरीकर आपल्या शिक्षणसंस्था आणि बाजारपेठ दाखवतात, आणि ज्या नागभीडला नागपूर, गोंदिया व चंद्रपूर या तिन्ही दिशांचे लोहमार्ग मिळतात ते गाव दोघांच्या मधोमध उभे आहे. शाळांमधल्या वादविवाद स्पर्धेत बाजू चिठ्ठीने वाटून दिली जाते आणि ज्या ताकदीने मुलगी ‘विरुद्ध’ बोलते त्याच ताकदीने ती ‘बाजूने’ही बोलू शकली असती, तो जल्पाचा निरुपद्रवी सराव होय. जिल्ह्याच्या ठिकाणाबाबत चिठ्ठीचे काम जन्मगाव करते, एवढाच फरक.

न्यायशास्त्राच्या तिन्ही खणांत न बसणारे एक भांडण मात्र महाराष्ट्रात शतकानुशतके चालू आहे, आणि ते थेट धर्मविषयक आहे. कलगी आणि तुरा या शाहिरी पंथांपैकी कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानतात, तुरेवाले शिवाला; एक पक्ष प्रकृतीवाचून पुरुष पांगळा असे ठासून सांगतो, दुसरा पुरुषावाचून प्रकृती आंधळी असे उत्तर देतो, आणि भेदिक लावणीतून, म्हणजे कूटप्रश्न घालणाऱ्या रचनेतून, एकमेकांना पेचात धरले जाते. विदर्भात या परंपरेचे धागे खडी गंमतीच्या सवाल-जवाबांत गुंतले. डफ आणि तुणतुण्यावर उभ्याने म्हटल्या जाणाऱ्या या सवालांत छल भरपूर असतो, निग्रहस्थानेही असतात, उत्तर न सुचलेल्या शाहिराची फजिती होते. तरीही पहाट झाली की शिव मोठा की शक्ती मोठी याचा निकाल लागलेला नसतो, आणि लागावा अशी कुणाची इच्छाही नसते. शिवशक्ती एकरूप आहेत ही श्रद्धा दोन्ही फडांची आणि समोरच्या श्रोत्यांची समान असल्यामुळे इथे विजय हा केवळ त्या रात्रीचा असतो. ज्या प्रश्नाचे उत्तर दोन्ही बाजूंना सारखेच ठाऊक आहे, त्यावरही मनापासून भांडता येते, आणि तसे भांडणे ही उपासनेची एक रीत असू शकते, ही जाण तर्कग्रंथांपेक्षा फडावर अधिक होती असे म्हणावे लागते.

याच्या दुसऱ्या टोकाला तंटा आहे. तंट्यात सिद्धान्त नसतो, हक्क असतो: धुरा कुणाचा, बोडीचे, म्हणजे लहान तळ्याचे, पाणी आधी कुणाच्या बांधीत जायचे, वाटणीत घर कुणाला आले. महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, तेव्हा तंट्यांची दिवाणी, महसुली, फौजदारी आणि इतर अशी विभागणी करून ते गावातच सामोपचाराने मिटवण्याचे काम ग्रामसभेने निवडलेल्या समितीकडे दिले. पूर्व विदर्भात या समित्या घरच्यांचा विरोध असलेल्या प्रेमीयुगुलांची लग्ने लावून देण्यासाठीच अधिक नावाजल्या, हे शासनाच्या मनात नसलेले पण चांगले फळ. मोहिमेच्या नावात मात्र एक गफलत दडलेली आहे. तंटा मिटला म्हणजे मतभेद मिटला असे नव्हे, आणि ज्या गावात कुणीच कुणाला विरोध करत नाही ते गाव शहाणे असेलच असे नाही. तिथे एखाद्याचा दराराही असू शकतो. बौद्धांच्या मिलिंदप्रश्न या ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाशी बोलण्यापूर्वी हा दरारा दूर ठेवणारी अट घालतो: चर्चा पंडितांच्या रीतीने व्हायची असेल तर होईल, राजांच्या रीतीने नाही, कारण पंडिताचे म्हणणे खोडले गेले तरी तो रागावत नाही, आणि राजाला कुणी विरोध केला तर तो शिक्षा फर्मावतो.

शिक्षेची भीती नसलेली सभा प्रत्यक्षात उभी करण्याचा या भागातला सर्वांत परिचित प्रयत्न गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावाचा आहे. १९८०च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम या नियोजित धरणांविरुद्ध झालेल्या जंगल बचाव आंदोलनातून या गावाची जडणघडण झाली. देवाजी तोफा हे गावातले आणि वृक्षमित्र संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल हे बाहेरून आलेले, अशा दोघांच्या साहचर्यातून तिथे एक पद्धत रुजली. ग्रामसभेतले निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घ्यायचे, आणि एकाचीही हरकत असेल तर विषय पुढच्या सभेवर टाकायचा, असा नेम गावाने स्वतःला घालून घेतला. त्याच्या जोडीला अभ्यास गट आला, ज्यात कुणीही बसावे, बाहेरच्यालाही बोलवावे, विषयाचा कीस पाडावा, पण निर्णय घेऊ नये. चरकाची संधाय संभाषा इथे नव्या नावाने नांदते: बोलण्याची जागा आणि ठरवण्याची जागा निराळी केल्यामुळे बोलताना हरण्याची धास्ती राहत नाही. वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर या गावाला सामूहिक हक्क मिळाला, २७ एप्रिल २०११ रोजी बांबू वाहतुकीचे पासबुक ग्रामसभेच्या हाती आले आणि २०१३ मध्ये गावाने ग्रामदानाचा, म्हणजे जमिनीची मालकी गावाकडे सोपवण्याचा, मार्ग धरला. यांपैकी शेवटचा निर्णय तर प्रत्येकाच्या जमिनीला हात घालणारा, आणि म्हणून एकाही माणसाचे ‘नाही’ डावलून घेता न येणारा होता.

इथे तो अर्धवट सुटलेला प्रश्न उभा राहतो. सर्वसहमतीच्या सभेत एखादा माणूस उठून ‘हे मला पटत नाही’ एवढेच म्हणाला, पर्याय काय असे विचारल्यावर त्याच्याकडे उत्तर नसले, तर त्याने वितंडा केली असे समजायचे का? न्यायसूत्रांच्या लक्षणाप्रमाणे त्याने स्वतःचा पक्ष मांडलेला नाही, म्हणजे तो वैतंडिक ठरतो. भाष्यकार वात्स्यायनाने वैतंडिकाला कोंडीत पकडले ते असे: तुझ्या बोलण्याला काही प्रयोजन आहे असे तू मान्य केलेस, तर तेच तुझे मत, आणि मग तू वैतंडिक राहिला नाहीस, मान्य केले नाहीस, तर तुझे बोलणे ऐकण्याजोगे नाही. युक्तिवाद चलाख आहे, पण तो पुरता पडत नाही. ‘हे झाड मोहाचे नाही’ असे म्हणणारा दुसरे कोणतेतरी झाड आहे असे गृहीत धरतो, आणि ‘इथे मोहाचे झाड नाही’ असे म्हणणारा काहीही गृहीत धरत नाही. व्याकरण आणि मीमांसा यांनी या दोन निषेधांना पर्युदास आणि प्रसज्यप्रतिषेध अशी नावे दिली. पहिल्यात नकाराच्या पोटी दुसरा होकार असतो, दुसऱ्यात निव्वळ नकार. माध्यमिक पंथाचा नागार्जुन आपल्या विग्रहव्यावर्तनी या ग्रंथात ज्या बळावर आपली कोणतीच प्रतिज्ञा नाही असे सांगू शकला, आणि बाराव्या शतकात श्रीहर्षाने खंडनखंडखाद्यात नैयायिकांच्या एकेका व्याख्येला जे सुरुंग लावले, त्यामागे हाच निव्वळ नकार उभा आहे. काही नैयायिकांनाही हे टोचले असावे, कारण त्यांनी वितंडेचेच दोन भाग केले: सत्यशोधनासाठी केलेले खंडन आणि केवळ पाडाव करण्यासाठी केलेले खंडन. पक्ष नसणे हा दोष नव्हे, हेतू दूषित असणे हा दोष, असा त्याचा आशय.

हा भेद पुस्तकी वाटेल, पण गडचिरोलीतील खाणींच्या सुनावणीत त्याची रोकड किंमत कळते. पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार प्रकल्पापूर्वी जी जनसुनावणी घ्यायची, तिच्या अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचे वरिष्ठ प्रतिनिधी असतात. तिथे हरकती नोंदल्या जातात, निर्णय होत नाही, आणि निर्णय दूर राजधानीत घेतला जातो. अशा सभेत जंगल जाईल, ओढा गढूळ होईल, डोंगरावरचा देव उठेल असे सांगणाऱ्याला हमखास ऐकावे लागणारे प्रत्युत्तर म्हणजे ‘मग रोजगार कुठून आणणार ते सांगा’. वरवर पाहता हा वादाचा रीतसर प्रश्न दिसतो. वस्तुतः तो सिद्धतेचा भार जागेवरून हलवण्याचा डाव आहे. जो सर्वांच्या मालकीच्या वस्तूत बदल करू पाहतो, त्याने तो बदल हितकारक आहे हे सिद्ध करायचे असते. जो आहे ते राहू द्या म्हणतो, त्याने प्रस्तावातले छिद्र दाखवले की त्याचे काम संपते. ओढा गढूळ होणार की नाही, या प्रश्नाचे उत्तर रोजगाराच्या प्रश्नाने दिले जात नाही. शास्त्राच्या भाषेत याला अर्थान्तर म्हणतात, म्हणजे चालू मुद्दा सोडून दुसऱ्याच मुद्द्यावर जाणे, आणि ते बावीस निग्रहस्थानांपैकी एक आहे. तेव्हा नियम काटेकोर लावले तर हरला तो प्रश्न विचारणारा.

असे असले तरी नकाराचे देणे प्रत्येक वेळी माफ होत नाही. ब्रह्मपुरी वनविभागात, ज्यात नागभीडचे जंगलही येते, वाघाने माणूस मारला की त्याला जेरबंद करायचे की नाही यावर गावकरी, वनाधिकारी आणि वन्यजीवप्रेमी यांच्यात जे बोलणे होते, त्यात ‘आहे ते राहू द्या’ ही तटस्थ जागा शिल्लकच नसते. तेंदूपत्त्याचा आणि मोहफुलांचा हंगाम तोंडावर आलेला असतो, जंगलात गेल्याशिवाय घर चालत नाही, आणि काहीही न करणे हाही एक निर्णयच असतो, ज्याची किंमत कुणाला तरी जिवाने मोजावी लागते. अशा वेळी शहरात बसून केवळ ‘पकडू नका’ म्हणणारा, किंवा गावात राहून केवळ ‘वनखाते नको’ म्हणणारा, दोघेही सत्यशोधनाच्या नावाखाली शुद्ध वितंडा करतात. म्हणजे कसोटी अशी ठरते: थांबण्याचा खर्च जो स्वतः सोसणार आहे त्याला निव्वळ नकाराचा पूर्ण अधिकार आहे, आणि थांबण्याचा खर्च ज्याच्या नकारामुळे दुसऱ्यावर पडतो त्याने पर्याय दिलाच पाहिजे. मेंढ्याच्या सभेत हरकत घेणाऱ्याला कारण विचारले जाते, पण पर्यायासाठी त्याला धारेवर धरले जात नाही, यातली सूक्ष्म न्यायबुद्धी अशी: तो त्याच गावात राहतो आणि लांबलेल्या निर्णयाची झळ त्यालाही तितकीच लागते.

कोणत्याही ग्रामपंचायतीची प्रोसिडिंगची वही उघडली तर ठरावाखाली ‘सूचक’ आणि ‘अनुमोदक’ अशी दोन नावे आणि शेवटी ‘सर्वानुमते मंजूर’ हे ठरीव शब्द दिसतात. कोणी हरकत घेतली होती का, घेतली असल्यास कोणत्या कारणाने, आणि ती कशाने दूर झाली, यासाठी तिथे ओळ नसते. नैयायिकांनी पूर्वपक्षाला, म्हणजे आधी मांडलेल्या विरोधी म्हणण्याला, ग्रंथात जेवढी जागा दिली तेवढी नको. पण सूचक आणि अनुमोदक यांच्याखाली आक्षेपकाचे नाव आणि त्याचे कारण लिहिण्यापुरती एक ओळ ग्रामसभांनी येत्या सभेपासून सुरू करावी. त्यासाठी शासनाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही.